खाणीवरची नोकरी सोडून पीएच.डी.? इथे, ऑस्ट्रेलियात, की आधी यूपीएससी?

कोअरबॉक्स | रवि, ०९/११/२०२५ - २२:१४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी मूळची वणीची, जिल्हा यवतमाळ. बाबा वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) डंपर ऑपरेटर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. नागपूरला एम.एस्सी. जिऑलॉजी केलं आणि गेली अडीच वर्षं एका ड्रिलिंग कंत्राटदाराकडे साइटवर आहे. रिगमधून निघालेला कोअर (जमिनीतून काढलेला खडकाचा लांब दंडगोल) धुवायचा, पेटीत ओळीने लावायचा, किती खोलीवरचा ते दाखवणारे ठोकळे ठेवायचे, लॉग लिहायचा. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे मोजून आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याचा टक्का, काढायचा. कोळसा लागला की रात्री दोनला पण फोन येतो, कारण तो उघडा ठेवून चालत नाही, लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पेटी बंद करावी लागते. पगार २८ हजार. कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं.

यंदा नेट-जेआरएफ निघालं, म्हणजे पीएच.डी.साठीची सरकारी फेलोशिप. वय २७. समोर तीन वाटा आहेत.

१) एका आयआयटीत कोळशाच्या राखेतली रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यं या विषयावर पीएच.डी. गाईडशी एकदा बोलणं झालंय.
२) पर्थच्या एका विद्यापीठाची जाहिरात, निकेलच्या साठ्यांवर. कंपनीचा पैसा आहे. पहिली ऑनलाइन मुलाखत झाली.
३) यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, म्हणजे सरकारी भूवैज्ञानिकाची नोकरी आणि पीएच.डी. नाहीच.

घरचे म्हणतात तीन नंबर. मन एक आणि दोनमध्ये हेलकावे खातंय. या क्षेत्रातली माणसं इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारते. पुढे नोकरी कुठे मिळते, हेही सांगा.

---

चहाबाज | रवि, ०९/११/२०२५ - २२:३१

भाऊ, सरळ यूपीएससी दे. पीएच.डी. करून काय दगड फोडणार? (हलके घ्या.)

---

कोअरबॉक्स | रवि, ०९/११/२०२५ - २२:४०

भाऊ नाही हो, ताई. आणि दगड आत्ताही फोडतेच आहे.

---

गोंडवन | सोम, १०/११/२०२५ - ०६:५२

बेटा, ३३ वर्षं सरकारी भूवैज्ञानिक म्हणून काढली, त्यातली निम्मी तंबूत. म्हणून आधी तिसऱ्या वाटेबद्दल सांगतो.

परीक्षेला पीएच.डी. लागत नाही, एम.एस्सी. पुरते. वयाची अट खुल्या गटाला ३२, म्हणजे तुझ्या हातात अजून काही वर्षं आहेत. गट अ, लेव्हल १०, मूळ पगार ५६,१०० पासून आणि वर भत्ते. ऑक्टोबरमध्ये फील्ड सीझन सुरू झाला की एप्रिल-मेपर्यंत कॅम्प. टोपोशीट (त्या भागाचा नकाशा), हातोडा, ब्रन्टन होकायंत्र, लेन्स आणि एक जीप. नकाशे काढायची हौस असेल तर याहून चांगली नोकरी नाही. पण परीक्षा दोन वर्षांनीही देता येईल, जेआरएफचं पत्र मात्र कायम टिकत नाही. कशाला मुदत आहे ते आधी बघ.

नोकरीत राहून पीएच.डी. करता येते, माझ्या बरोबरच्या बऱ्याच जणांनी केली. मीही नोंदणी केली होती. त्याच वर्षी बदली शिलाँगला झाली आणि विषय होता भंडाऱ्याच्या साकोली पट्ट्यातले शिस्ट खडक. नमुने नागपुरात, मी खासी टेकड्यांत. प्रबंध जमा केला तेव्हा मुलगी बारावीत होती.

दुसरी गोष्ट. तू नागपुरात शिकलीस. तिथल्या तिथे किती दारं आहेत ते मोजलंस का? भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर. सर्वेक्षणाची स्थापना १८५१ ची, देशातल्या सगळ्यात जुन्या शास्त्रीय खात्यांपैकी एक. भारतीय खाण ब्यूरो १९४८ पासून. खनिजांचा शोध घेणारी एमईसीएल, कोळशाची वेकोलि आणि मँगनीजची मॉइल या तिघांची मुख्यालयं. राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय. धनबादच्या सिम्फर या खाण-इंधन संशोधन संस्थेचं केंद्र. ॲल्युमिनिअमसाठी जेएनएआरडीडीसी हे संशोधन केंद्र. व्हीएनआयटीत मायनिंगचा अख्खा विभाग. एवढं सगळं एका शहरात असताना पोरं पुण्या-मुंबईच्या जाहिराती शोधत बसतात. यातल्या अनेक ठिकाणी प्रोजेक्टवर जेआरएफ लागतात. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर चार ओळींची असते आणि पंधरा दिवसांत मुदत संपते. दर सोमवारी सकाळी चहाबरोबर बघायची सवय लाव.

राखेचा विषय वाईट नाही. त्यावर नंतर लिहितो, आत्ता भाजी आणायला जायचंय.

---

तासिकावाला | सोम, १०/११/२०२५ - १३:२०

मी त्या वाटेचा शेवट सांगतो, म्हणजे भ्रम नको.

जिऑलॉजीत पीएच.डी., सेट, दोन पेपर. गेली सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. सुट्टीत पैसे नाहीत, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. जिऑलॉजी चालवणारी कॉलेजंच आधी थोडी, त्यात रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरत नाहीत. शिवाय २०२३ पासून यूजीसीने असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएच.डी.ची सक्ती काढली आहे, नेट-सेट पुरते. मास्तरकीच करायची असेल तर पाच वर्षं घालवण्याआधी हिशेब कर.

आणि रेअर अर्थ, क्रिटिकल मिनरल वगैरे सध्या जोरात आहे हे मान्य. २०२३ मध्ये सरकारने ३० खनिजांची यादी काढली, यंदा जानेवारीत १६,३०० कोटींचं मिशन मंजूर केलं. पण फॅशन बघून विषय घेऊ नये. जम्मूतल्या रियासीचा लिथियम आठवतोय? फेब्रुवारी २०२३ मध्ये ५९ लाख टनांच्या बातम्या, पेढे वाटायचेच बाकी होते. ते ५९ लाख टन ‘अनुमानित’ वर्गातले होते, म्हणजे तुझ्यासारख्या कुणीतरी अजून पुष्कळ भोकं पाडायची बाकी होती. पुढच्या वर्षी लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत आणि तो रद्द झाला.

---

पेठेतला_दगड | सोम, १०/११/२०२५ - १४:०५

>> पोरं पुण्या-मुंबईच्या जाहिराती शोधत बसतात

निषेध! (हलके घ्या.) पुण्याला खाण नाही हे खरं, पण राज्याच्या भूजल सर्वेक्षणवाल्यांचं मुख्यालय इथे आहे, आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांवर काम चालतं. आणि कराड विसरू नका. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल प्रयोगशाळा तिथे आहे. २०१७ मध्ये गोठण्याला तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. वरचा साधारण सव्वा किलोमीटर आपला काळा बेसाल्ट आणि खाली थेट ग्रॅनाइट-नाइस. आयुष्यभर सह्याद्रीत फिरलेल्या माणसाने तो खालचा गुलाबी दगड हातात घेतला की काय वाटतं ते लिहून सांगता येत नाही.

अवांतर: धागाकर्तीला याचा उपयोग शून्य आहे याची कल्पना आहे.

---

कोअरबॉक्स | सोम, १०/११/२०२५ - २१:३०

उपयोग कसा नाही, कोअर म्हटलं की माझे कान टवकारतात. :)

तासिकावाला सर, कडू आहे पण धन्यवाद. मास्तरकी डोक्यात नाही. मला प्रयोगशाळा आणि साइट दोन्ही हवंय.

---

कालगुर्लीकर | मंगळ, ११/११/२०२५ - १६:४८

मूळ मिरजेचा. गेली सात वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियात, त्यातली पहिली चार पीएच.डी.ची. जरा सविस्तर लिहितो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पैसा. सरकारी स्कॉलरशिप वर्षाला साधारण ३३-३४ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, करमुक्त, फी माफ. कंपनी वरून टॉप-अप देते. एकट्या माणसाला पर्थमध्ये शेअरिंगच्या घरात पुरतात, संसार असेल तर ओढाताण होते. मुदत साडेतीन-चार वर्षं आणि ती खरोखर पाळतात. कोर्सवर्क जवळजवळ नाही, पहिल्या दिवसापासून संशोधन. त्यामुळे आपल्याकडून आलेला माणूस पहिले सहा महिने नुसता बावरलेला असतो.

काम. माझा विषय सोन्याच्या शिरा कुठल्या भेगांमधून गेल्या हा होता. कालगुर्ली पर्थपासून सहाशे किलोमीटर आत. गावाला लागूनच सुपर पिट, साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद आणि सहाशे मीटरहून खोल. लोक कठड्यावर उभं राहून फोटो काढतात. मी मात्र अडीच उन्हाळे कोअर यार्डात होतो. ४२ डिग्री, डोक्यावर पत्रा, हातात झाडांवर मारतात तसला पाण्याचा पंप. कोरडा कोअर राखाडी दिसतो, काही कळत नाही. पाणी मारलं की सेकंदभर शीर लखलखते, तेवढ्यात कोन मोजायचा, कारण परत पाणी मारेपर्यंत ते वाळलेलं असतं. तुला हे नवीन नाही. तुझी अडीच वर्षं सीव्हीत सगळ्यात वर लिही, मार्कशीट खाली. इथे एम.एस्सी.ला पहिला आलेला पोरगा कोअर उलटा ठेवताना मी पाहिलाय.

आता मुद्दा. विद्यापीठाचं नाव, देश, क्रमवारी नंतर बघ. गाईडला आधी हे विचार: नमुने कुणाचे आहेत, ते आज कुठे पडलेत, आणि कंपनीने उद्या हात वर केले तर माझ्याकडे काय उरतं? मायनिंगची पीएच.डी. प्रयोगशाळेत अडत नाही, खाणीच्या गेटवर अडते. इथे एक सोय अशी की कंपन्यांचे शोधकामाचे अहवाल साधारण पाच वर्षांनी राज्य सरकार सगळ्यांसाठी खुले करतं, वामेक्स नावाच्या साठ्यात. पर्थ आणि कालगुर्लीला सरकारी कोअर लायब्ररी आहेत, तिथे जाऊन जुना कोअर बघता येतो. माझा अर्धा प्रबंध त्यावर उभा आहे. कंपनीचा माणूस तीनदा बदलला, तरी माझं अडलं नाही.

तुझ्या दुसऱ्या पर्यायात निकेल हा शब्द वाचला आणि म्हणून लिहायला बसलो. २०२४ मध्ये निकेलचे भाव इंडोनेशियाच्या मालामुळे असे पडले की इथल्या खाणी एकामागून एक थांबल्या, बीएचपी या बड्या खाण कंपनीने आपल्या निकेल वेस्टचं सगळं काम त्या ऑक्टोबरपासून स्थगित केलं. विषय चांगला असू शकतो, खाण बंद असतानाही कोअर असतोच. पण करार कुणाबरोबर आहे आणि पैसे सगळ्या वर्षांचे आधीच विद्यापीठाच्या खात्यात आलेत का, एवढं विचारच. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. उलट ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली पॅशनेट अबाउट रॉक्स’ छाप मेलच्या ढिगात असा प्रश्न आला की गाईड खुर्चीत सरळ बसतो.

नंतरच्या नोकरीबद्दल. इथे कंपनीत पीएच.डी.ला कुणी सलाम ठोकत नाही. साठ्याचा आकडा जाहीर करायला सही लागते ती ‘कॉम्पिटंट पर्सन’ची, आणि त्यासाठी त्या प्रकारच्या साठ्यावर किमान पाच वर्षांचा अनुभव आणि व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व बघतात. डॉक्टर असून ग्रॅज्युएटबरोबर बारा तासांची पाळी करणारे खूप आहेत. फरक पुढे पडतो, दहा वर्षांनी, अवघड साठा समोर आला की.

दिवाळीत फराळ पर्थहून कुणी गाडीने येत असेल तर मिळतो.

---

दोनापावला | मंगळ, ११/११/२०२५ - २३:१०

‘खाणीच्या गेटवर अडते’. बाबा रे, हे वाक्य मी फ्रेम करून लावीन.

माझं गोंयचं. विषय घेतला होता लोहखनिजाच्या खाणींभोवतालचं भूजल. एका खाणीत बेंचवर, म्हणजे खाणीच्या पायऱ्यांवर, बारा जागा नक्की केल्या, दोन पावसाळ्यांच्या आधी-नंतरचे नमुने घ्यायचे. पहिलं वर्ष झक्क. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द. १६ मार्चपासून सगळं बंद. कोर्टाचा निकाल योग्य की अयोग्य यात मी पडत नाही, त्यावर आमच्या घरीच दोन पक्ष आहेत. पण आमच्या खाणी भूजलाच्या पातळीखाली गेलेल्या, रोज पंप चालायचे. त्या खाणीचे पंप थांबले. ऑगस्टात गेले तेव्हा पिटाचं तळं झालं होतं आणि माझ्या बारातल्या नऊ जागा पाण्याखाली. कंपनीचा जो माणूस मला आत सोडायचा त्यालाच कामावरून कमी केलेलं. नवा वॉचमन म्हणाला, ‘मॅडम, आतां कोण ना.’

गाईडने हात झटकले नाहीत, एवढं नशीब. विषय समुद्राच्या गाळावर वळवला. दीड वर्ष गेलं. आता वाटतं की बरंच झालं. गोव्यात समुद्राखालच्या भूशास्त्राला जागा आहे: दोनापावलला एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं एनसीपीओआर, ताळगांवला विद्यापीठ. २६ जानेवारी १९८१ ला ‘गवेषणी’ जहाजाने समुद्रतळावरून पहिले मँगनीज नोड्यूल (खनिजाचे गोळे) वर काढले, तिथून सुरू झालेली ही परंपरा आहे. मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरवर भारताला शोधाचे हक्क आहेत. जहाजावर उलट्या होतात, पण गाळाचा कोअर कुणी लीज रद्द करून नेत नाही.

---

रौप्यनगरी | बुध, १२/११/२०२५ - ०१:२६

मी मायनिंग इंजिनिअर, भूशास्त्रवाली नाही, म्हणून थोडं वेगळं. मूळ चंद्रपूर, सध्या जर्मनीत फ्रायबेर्गला रॉक मेकॅनिक्समध्ये डॉक्टरेट करतेय.

आमच्या बॅचला मुली मोजून तीन. खाण कायद्यातलं कलम ४६ असं होतं की बाईने जमिनीखाली कामाला जायचंच नाही. २०१९ च्या जानेवारीत सरकारने तांत्रिक, सुपरवायझरी आणि व्यवस्थापनाच्या पदांसाठी ते शिथिल केलं, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, लेखी संमती घेऊन. मी त्याआधी पास झाले. भूमिगत कामाचा अनुभव नाही म्हणजे सेकंड क्लास मॅनेजरचं सर्टिफिकेट नाही, ते नाही म्हणजे बढती नाही. संशोधनाकडे मी हौसेने नाही, दुसरी वाट नव्हती म्हणून आले, हे प्रामाणिकपणे सांगते. मायनिंगवाल्या मुलींनो, आता ती वाट उघडली आहे. आधी सर्टिफिकेट काढा, मग पीएच.डी. उलट क्रमाने फार अवघड जातं.

इथली पद्धत: डॉक्टरेट म्हणजे नोकरी. ठरलेल्या सरकारी श्रेणीत पगार, पण करार बहुधा ६५ किंवा ७५ टक्के वेळेचा. काम शंभर टक्के. फ्रायबेर्गची अकादमी १७६५ ची. इंडियम आणि जर्मेनियम, दोन्ही मूलद्रव्यं याच गावात सापडली. गावाखालीच ‘राइशे त्सेखे’ नावाची जुनी चांदीची खाण आहे, आता विद्यापीठाची. मला नमुन्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही: हेल्मेट घालायचं, पिंजऱ्यात उभं राहायचं आणि दीडशे मीटर खाली. गेटवरचे आजोबा ‘ग्लुक आउफ’ म्हणतात, हा इथल्या खाणवाल्यांचा नमस्कार. पहिल्या वेळी खाली उतरले तेव्हा मी रडले होते. २४ वर्षांची होईपर्यंत खाण फक्त वरून पाहिलेली, आणि बाबा तीस वर्षं खाली जात होते.

स्वीडनचंही बघ. लुलेओत डॉक्टरेट म्हणजे चार वर्षांची पगारी नोकरी, जाहिरात विद्यापीठाच्या रिक्त पदांत येते. किरुनाच्या लोखंडाच्या खाणीमुळे गावाखालची जमीन खचते, म्हणून या ऑगस्टमध्ये त्यांनी अख्खं लाकडी चर्च चाकांवर चढवून पाच किलोमीटर हलवलं. रॉक मेकॅनिक्सवाल्यांना तिथे कामाची कमी नाही.

स्कॉलरशिपबद्दल एक खोच. आपल्याकडच्या परदेशी शिष्यवृत्त्यांना जगाच्या एकूण क्रमवारीची अट असते. फ्रायबेर्ग, लुलेओ, कॅनडातलं सडबरीचं लॉरेन्शियन, अगदी कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्ससुद्धा त्या यादीत वर दिसत नाही, कारण ही छोटी ठिकाणं, काही तर जवळपास एकाच विषयाची. मायनिंगची वेगळी यादी काढली की कोलोरॅडो आणि पर्थचं कर्टिन पहिल्या रांगेत. म्हणून मायनिंगमध्ये ‘टॉप हंड्रेड’ बघून अर्ज करणं म्हणजे कापडाच्या दुकानात जाऊन खिळे मागणं.

---

चहाबाज | बुध, १२/११/२०२५ - ०९:१५

वाचतोय. पहिल्या प्रतिसादाबद्दल सपशेल माघार. एक बाळबोध प्रश्न: राखेत रेअर अर्थ येतात कुठून? राख म्हणजे तर कचरा.

---

गोंडवन | बुध, १२/११/२०२५ - ११:३७

बाळबोध नाही, मुळावरच बोट ठेवलंत.

कोळसा म्हणजे झाडांचा गाळ आणि त्यात मिसळलेली माती. मातीबरोबर थोडी रेअर अर्थ येतात. भट्टीत कार्बन जळून जातो, ही मूलद्रव्यं जळत नाहीत, राखेतच राहतात. आपल्या कोळशात राख भरपूर, ४० टक्के धरा. म्हणजे शंभर किलो कोळशातलं सगळं चाळीस किलो राखेत आलं: अडीच पट दाट. परदेशी कोळशात राख दहा टक्के असेल तर तिथे दहा पट. म्हणजे आपल्या राखेत त्यांचं प्रमाण कमी वाढतं, पण ढीग केवढे! एकट्या चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं. ती राख आधीच खणलेली, दळलेली आणि रस्त्याला लागून पडलेली आहे.

अडचण दुसरीकडे आहे. भट्टीच्या तापमानाला माती वितळते आणि गार होताना तिची काच होते. बरीचशी रेअर अर्थ त्या काचेच्या गोळीत अडकलेली. ती सोडवायला आम्ल किंवा अल्कली इतकी लागते की धंदा तोट्यात. म्हणून प्रश्न ‘राखेत रेअर अर्थ आहेत का’ हा नाही, ते कधीच सिद्ध झालंय. कुठल्या कणात, कुठल्या रूपात, आणि काच न फोडता किती निघतं, हा आहे. बेटा, तुझा गाईड यातलं नक्की काय करणार आहे ते विचार. नुसतं ‘प्रमाण मोजणार’ म्हणाला तर तो प्रबंध नव्हे, तो लॅब रिपोर्ट.

तासिकावालांना: फॅशनबद्दल तुमचं बरोबर. पण रियासीच्या उदाहरणातून मी उलटा अर्थ काढतो. भोकं पाडणाऱ्यांची, कोअर वाचणाऱ्यांची आणि आकड्यांवर शंका घेणाऱ्यांचीच कमी आहे. आणि डेटाबद्दल, आपल्याकडेही डिसेंबर २०२३ पासून राष्ट्रीय भूवैज्ञानिक डेटाचं भांडार ऑनलाइन खुलं झालंय. आमच्या काळी शेजारच्या टोपोशीटचा अहवाल बघायला अर्ज लिहावा लागायचा.

---

तासिकावाला | बुध, १२/११/२०२५ - १५:५०

मुद्दा मान्य. एक भर: जेआरएफ महिना ३७ हजार, दोन वर्षांनी एसआरएफ ४२ हजार, घरभाडं वेगळं. आयआयटीतून पंतप्रधान फेलोशिप मिळाली तर ७० हजारांपासून. जेआरएफ नसलेल्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योतीच्या आहेत. कुठलीही असो, पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून खोली भाड्याने घेऊ नये. मी एका वर्षी सात महिने मेसवाल्याच्या वहीवर जेवलोय. आणि २०२२ च्या नियमांत मुलींना २४० दिवसांची प्रसूती-बालसंगोपन रजा आहे, नोंदणी करताना विचारून ठेव. नंतर विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे पाठवतो.

---

कोअरबॉक्स | रवि, २३/११/२०२५ - २०:०२

उशीर झाला, रिग उमरेडकडे हलवत होतो. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत.

दोन्ही गाईडना तोच प्रश्न पाठवला: नमुने कुणाचे, कुठे, आणि कुणी हात वर केले तर काय.

पर्थहून दोन दिवसांत उत्तर आलं, अगदी सभ्य. कोअर कंपनीच्या यार्डात आहे, पेपर छापायच्या आधी कंपनीची मंजुरी लागेल, पैसे पहिल्या दीड वर्षाचे नक्की आहेत, पुढचे ‘बाजार बघून’. कालगुर्लीकर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी हे विचारलंच नसतं आणि जुलैत विमानात बसले असते.

आयआयटीच्या सरांचा फोन आला. मी विचारलं, सर, राखेचे नमुने कुठून येणार? ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘तू त्याच भागातली आहेस ना? मला वाटलं होतं ते तूच बघशील.’

मी आधी चिडले. मग बाबांना सांगितलं. त्यांना इतकं हसू आलं की चहा सांडला. म्हणाले, ‘तीस वर्षं मी ती धूळ फुकट खाल्ली, आता सरकार तुला ती मोजायला ३७ हजार देणार?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी डायरी काढली. वीज केंद्रात कोळसा उतरवून घेणारे दोघं त्यांच्या ओळखीचे निघाले. ओळखीवर नमुने घ्यायचे नाहीत हे मला कळतंय, म्हणून सरांकडून विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र मागवलं, ते मुख्य अभियंत्यांकडे रीतसर दिलं. परवा परवानगी आली, एका दिवसाची, सुरक्षा अधिकाऱ्याबरोबर. गोंडवन काका, ‘कुठल्या कणात, कुठल्या रूपात’ हेही सरांना विचारलं. त्यावर ते पाऊण तास बोलले, आणि मला त्यातलं निम्मंच कळलं. तेव्हा म्हटलं हे जमेल.

४ डिसेंबरला आयआयटीत मुलाखत आहे. त्याआधी दहा किलो राख आणून स्वतः चाळून बघणार आहे.

---

कालगुर्लीकर | सोम, २४/११/२०२५ - १५:३३

भले शाब्बास. पर्थवाल्यांना नकार कळवताना दोन ओळी नीट लिही, हे जग फार लहान आहे. पुढेमागे पोस्टडॉकला त्यांचंच दार वाजवशील.

---

गोंडवन | सोम, २४/११/२०२५ - १८:४४

एकच दिवस आहे तर राख सोडतात त्या तळ्यातल्या राखेवर तो घालवू नकोस, ती पाण्याने आधीच धुऊन मिसळलेली असते. धुराड्याच्या आधी धूळ पकडणारी यंत्रणा असते, ईएसपी, तिच्या खाली ओळीने हॉपर, म्हणजे राख गोळा होणारी नरसाळी, असतात. पहिल्या ओळीत जाड राख पडते, मागे जावं तशी बारीक. प्रत्येक ओळीतली वेगळी घे. तुझं निम्मं चाळणं तिथेच झालेलं असेल. त्याच दिवशी भट्टीत जाणाऱ्या कोळशाचा नमुनाही माग, नाहीतर राखेची तुलना कशाशी करणार? मास्क चांगला घाल.

आणि पिशवीवर मार्करने लिहू नकोस, घासून पुसतं. आत चिठ्ठी टाक. पेन्सिलने.

---

कोअरबॉक्स | सोम, २४/११/२०२५ - २१:१०

पेन्सिल घेतली काका. एचबी चालेल ना?